गाव विचारणारा फोन

पंचशीलाला चार माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की नको व्हायचं. लातुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती नोकरीला, आणि तिथल्याच तंत्रज्ञांना सुरक्षेचं प्रशिक्षण देणं दरवर्षी तिच्याच गळ्यात पडायचं. पासवर्ड कुणाला सांगू नका, हे सगळ्या दवाखान्याला पासवर्ड वाटणाऱ्यांनाच सांगायचं. मंडळी पडद्याकडं तोंड करून खुशाल डुलक्या काढायची. सगळ्यांत ज्येष्ठ मृत्युंजय सर तर चक्क घोरायचे.

तिची खरी भीती वेगळीच होती. कुठल्याशा दवाखान्याची सगळी माहिती कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केली, पेशंट टेबलावर आणि त्याचा रक्तगट कुणालाच दिसेना, असं तिनं ऐकलं होतं. तेव्हापासून अतिदक्षता विभागावरून जाताना ती दारातून डोकावून बघायची. आत यंत्रांना जोडलेली माणसं आपल्या भरवशावर निजली आहेत, असं तिला वाटायचं.

यंदा तिनं पडदा गुंडाळला आणि खेळ मांडला. ती गुपचूप कुणालातरी चोर बनवून तंत्रज्ञांना पासवर्ड मागणारा फोन करायला लावणार. चोर ओळखेल त्याला कँटीनमधली मुरमुऱ्यांची गरम सुशीला, फसेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिला फोन तिच्या भावानं, आनंदराजनं, मृत्युंजय सरांना केला. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस म्हणून बोलताना त्यानं हळूच सांगितलं, "सर, म्या बी देवणीचाच की."

"आरं, देवणीत कुणाचा?" सर विरघळलेच, आणि पासवर्ड देऊन बसले. गाव जुळलं की आपल्याकडं परका माणूस निम्मा घरचा होतो. पंचशीलाला मात्र हा प्रश्न लहानपणापासून नकोसा. गावानंतर आडनाव विचारतात, आणि मग विचारणाऱ्याचा आवाज बदलतो. म्हणूनच त्या प्रश्नाची ताकद तिला पक्की ठाऊक होती.

सरांनी चहा पाजला आणि खेळाला रंग चढला. घोरणारी माणसं फोन वाजला की कान टवकारायला लागली.

एका दुपारी सर हसत तिच्या टेबलाशी आले.

"मॅडम, या बारीला म्या वळखलं बरं का. तुमचा माणूस मुरुडचा हाय म्हणून बोलत होता. तुमचंच गाव. म्हणलं, आपलाच माणूस, गंमत बघू. दिला पासवर्ड, खराच दिला. आता काढा माझी सुशीला."

पंचशीलानं त्या आठवड्यात कुणालाच फोन करायला लावलं नव्हतं.

ओरडावं असं जिभेवर आलं होतं. पण आज ओरडलं तर उद्या फसलेला माणूस तोंड लपवील, हे तिला त्या घाबरलेल्या डोक्यानंही कळलं.

"सर, लगेच सांगितलंत ते लई बरं केलं," ती म्हणाली. "तो माझा माणूस न्हाई."

सरांचं हसू वाळून गेलं. दोघं सर्व्हरच्या खोलीकडं धावले. तिनं इंटरनेटची बाहेरून येणारी वायर उपसून काढली. सर पासवर्ड बदलायला बसले. नोंदींत दिसलं, चोर आत शिरला होता, खोल्याखोल्यांतून हिंडला होता. कुलूप घालायचं तेवढं राहिलं होतं.

"वर समदं चालू हाय का?" सरांनी विचारलं. तिनं वर अतिदक्षता विभागात फोन लावला. चालू होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. नंबर तोच. सरांनी तो निखाऱ्यासारखा तिच्या हातात दिला.

"लाइन गेली व्हय तुमची?" आवाज मऊ, अगदी गल्लीतल्या माणसाचा. पंचशीलाच्या तोंडून नुसतं "हॅलो" निघालं. "मॅडम हाईत काय? बोलणं तर आपल्याकडचंच वाटायलंय. कुठल्या वो तुम्ही?"

मुरुड तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. तिनं फोन कापला.