सातवा डबा

किनू नदीच्या काठच्या त्या गावात इसोआजीच्या थुंकीला मान होता. हसू नका. तिथलं सूतच तसं. रेशमाच्या कोषांचा मऊ कापूस काठीवर अडकवायचा, त्यातून चिमटीनं धागा ओढायचा, आणि जिभेला लावलेल्या बोटांनी तो बसवायचा. चाती नाही, पीळ नाही. पाण्यानं बसवलेला धागा वाळला की मांजरीच्या शेपटीसारखा फुलतो. थुंकीनं बसवलेला मुकाट राहतो.

इसोआजी सातव्या वर्षी कापसापुढे बसली, ती अठ्ठ्याहत्तरी आली तरी उठली नव्हती. एका ताग्याला सात लाकडी डबे सूत लागतं, आणि सातही डबे एकाच बाईच्या हातचे हवेत. दुसरीचं सूत मध्ये घातलं की कापडावर पट्टा उमटतो. तपासणीच्या कचेरीतली माणसं नुसता अंगठा फिरवून तो पट्टा ओळखतात, आणि मग ताग्याला शिक्का बसत नाही.

यंदाचा तागा साधा, पांढरा होता. सहा डबे झाले होते. सून मासाए कंबरेला पट्टा बांधून वर्षभर तो विणत होती. तो माग कंबरेच्या ताणावर चालतो, विणणारीचं अंग म्हणजे मागाचाच एक दांडा. सातवा डबा सुरू झाला आणि आजीच्या छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी गोळी दिली. धडधड थांबली, पण तोंडाचं वाळवंट झालं. भाताचं शीतसुद्धा टाळूला चिकटून बसे.

सूत फुलायला लागलं. आजीनं पाणी लावून पाहिलं, भाताची पेज लावून पाहिली. मिठात मुरवलेला उमे, म्हणजे आंबट आलुबुखार, बशीत घालून समोर ठेवला. त्याच्याकडे बघून दोन दिवस जिभेला पाझर फुटला, तिसऱ्या दिवशी जीभ त्यालाही सरावली. शेजारची तोकुए येऊन बसली आणि म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या कुचाळक्या केल्यास म्हणून तोंड ओलं राहिलं बघ. म्हातारपणी चांगली वागायला लागलीस, तिथंच चुकलं."

आजी हसली. तोकुए गेल्यावर मात्र तिनं त्या दिवसाची गोळी कापसाच्या गठ्ठ्याखाली सरकवली. दुसऱ्या दिवशीचीही. चौथ्या दिवशी तोंडाला पाणी सुटलं. धागा पूर्वीसारखा सरसर यायला लागला. जिना चढताना दोनदा बसावं लागायचं, ओठ निळसर दिसायचे, पण डबा भरत होता.

मासाए लग्न होऊन आली तेव्हा आजी तिला चारचौघींत म्हणायची, हिच्या बोटांना धागा कळत नाही, दोरखंड कळतो. त्याच मासाएनं एका सकाळी मागासाठी सुताची कांडी भरताना हात थांबवला, भरलेलं सूत मागं उलगडलं, पुन्हा बोटांतून सोडलं, आणि उठून सासूसमोर येऊन बसली.

"आई, गोळी कधीपासून बंद आहे?"

"कोण म्हणतं बंद आहे?"

"सूत म्हणतंय. या डब्याच्या सुरुवातीचं म्हणजे नुसती कुसळं. नंतरचं पहिल्या डब्यासारखं आहे."

आजीला खोटं बोलायला जागाच उरली नाही. अर्धाच डबा राहिलाय, सहा दिवस दे, मग दोन-दोन गोळ्या खाईन, असं ती म्हणाली. सुनेपुढे तिनं कधी हात जोडले नव्हते, ते जोडले.

"सहा दिवसांत तुम्ही गेलात तर उरलेला अर्धा कोणाकडून आणू?" मासाए म्हणाली. मग आवाज उतरला. "हे अंगणात पडले तेव्हा मी मागाच्या पट्ट्यात अडकले होते. गाठ सुटेपर्यंत संपलं होतं सगळं. पुन्हा नाही जमायचं मला."

'हे' म्हणजे आजीचा मुलगा.

गठ्ठ्याखालच्या गोळ्या मासाएनं काढून घेतल्या. त्यातली एक हातावर ठेवली, पाणी दिलं, आणि पोराला सांगावं तसं जीभ वर करायला लावून नीट पाहिलं. रोज पाहायची.

चौथ्या दिवशी तोंड पुन्हा कोरडं ठक्क. आजीनं बशीतल्या उमेकडे डोळे दुखेपर्यंत पाहिलं. मग तो चावला. मीठ नुसतं जिभेला झोंबलं, ओल नाही आली. धागा ओढला तर त्याचे केस उभे. दुपारी मासाए रिकामी कांडी घेऊन आली.

"आहे तसं द्या."

"पट्टा उमटेल. वर्ष फुकट जाईल तुझं."

"उमटेल."

"शिक्का नाही बसायचा गं."

"नाही बसायचा. द्या."

तिनं ते सूत नेलं, कंबरेला पट्टा बांधला, आणि माग सुरू झाला. ठप, ठप. मग थांबला. धागा तुटला होता, ती गाठ मारत होती. पुन्हा ठप, ठप, पुन्हा थांबला. एकाहत्तर वर्षांत आजीच्या सुतानं माग असा कधी अडवला नव्हता. दर वेळी आवाज बंद पडला की तिची मान खाली जायची.

तिनं बोट जिभेला लावलं. कोरडं. घोट गिळल्यासारखं केलं, आणि पुन्हा लावलं.