घरटी एक हात

हे विश्वंभरा, तुला गाव नाही म्हणून सारी गावे तुझी. तुला उंबरा नाही म्हणून प्रत्येक उंबऱ्याशी तू उभा. तुझ्या चरणी मस्तक ठेवतो आणि मग त्या माउलीचे नाव घेतो, जिने परक्या मातीत आपला उंबरा उभा केला. ती डोंबिवलीच्या खाडीकाठची ठमाबाई.

शके सतराशे नव्व्याण्णवच्या दुष्काळात धनी गेला. तान्ही लेक पाठीशी बांधून ही नगराकडची बाई कसाऱ्याचा घाट उतरली, खडवलीवरून पायी चालत आमच्या गावी आली. मिठागरात तिला मीठ ओढण्याचे काम मिळाले. बांधाशेजारी तिने कुडाचे खोपट घातले. गावाने ते दिलेही नाही, मोडलेही नाही. गाव तिला उपरी म्हणे. उपरी म्हणजे काय, श्रोतेहो? पाण्याला शेवटची, आणि बोलणी खायला पहिली!

आमची भातशेती खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या याच मातीच्या बांधावर जगते. उधाणात बांध फुटू लागला की हाकाऱ्या धाकू दारोदार ओरडतो, "घरटी एक!" मग त्या घरचे एक माणूस मातीची टोपली घेऊन धावते. ज्या दारी ही हाक पडली ते घर गावाचे. एकदा पडलेली हाक मागे घेता येत नाही. ठमाबाईचे दार धाकू वगळून जाई. तरी बाई टोपली घेऊन जाईच.

बाराव्या वर्षी चैत्रातच गावतळे तळाला गेले. देवीच्या पारावर बैठक भरली. परशुराम मढवी गावचा मोठा जमीनदार, तो गरजला, "उपऱ्यांना पानी पाजता पाजता आमच्या म्हशी तहानल्या! तळं गावाचं हाय. ही बाई अखितीच्या सणाआत खोपट मोडून जाईल."

लेक आईच्या पदराला बिलगली. बाई उठली. हात जोडले, मान मात्र ताठ.

"मढवीदादा, तळं गावाचं, खरं हाय. पन गावाचं घर कोनचं?"

"ज्याच्या दारी हाक पडली त्याचं. तुझ्या दारी कवा पडली गो?"

"तीन सालामागं, भादव्याच्या उधाणात. धाकू तापानं पडलावता. भल्या सकाळी माझ्या कुडावर काठी आपटून 'घरटी एक, घरटी एक' कोन वरडलं?"

तेवढ्यात खालच्या पाड्याचा लिनो परेरा, खाडीवरचा ख्रिस्ती शेतकरी, मोठ्याने हसला. "परशुरामभाऊ, मी तुझ्या मागंच धावत होतो! एका हातानं धोतर सावरत होतास, दुसऱ्यानं कूड बडवत होतास. तुझी हाक आमच्या क्रुसाच्या देवळापर्यंत आली रे! आणि खिंडारात पहिली टोपली कुणी टाकली? हिनंच."

फुटलेला बांध परशुरामाच्याच शेताचा होता. घाईत तो उपरीचे दार वगळायला विसरला होता! आता नाही म्हणावे तर कोण अडवणार होते? पण समोर देवी होती आणि त्या साली पिकलेला भात त्याच्याच कणगीत होता. त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"मारली. मीच मारली हाक," तो म्हणाला. "चुकून मारली असंल, पन शेत तर खरंच वाचलं. हाक मागं घेनारा मी कोन? धाकू, आजपासून ठमाबाईचं दार वगळायचं नाय!"

"बारा सालं बिनहाकेची आले, दादा," बाई म्हणाली, "आता हाकंची ईन. पाय तेच हायती."

पार हास्याने दुमदुमला. त्या संध्याकाळी तळ्यावर ठमाबाईची पाळी परशुरामाच्या घरापाठोपाठ लागली. लेकीने घागर डोक्यावर घेतली, आणि कुणी तिला बाजूला हो म्हणाले नाही. आषाढात उधाण आले. धाकूने पहिली हाक बांधाशेजारच्या त्याच दारी दिली, आणि दार उघडायच्या आत आतून आवाज आला, "निघाले रे बाबा, निघाले!"

हे विश्वंभरा, त्या दारावर तुझी छाया राहो. त्या माउलीच्या हातची टोपली कधी रिती न होवो, लेकीची घागर सदा गोड्या पाण्याने भरो, आणि त्या कुडाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दिवा तेवत राहो.