तालमीला येणाऱ्या नेली आंटी

नाटक बसवायला दोन-तीन महिने जातात आणि प्रयोग दोन तासांत संपतो. उरतात ते तालमीतले किस्से. सिंगापूरमधल्या आमच्या हौशी मराठी ग्रुपकडे ते ढीगभर साठलेत, आणि निम्मे तरी नेली आंटींचे आहेत.

शनिवारी दुपारी बिशानच्या एका हॉलमध्ये आमची तालीम चालायची. एकदा दारात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. आवाजाची तक्रार असणार म्हणून आमच्या दिग्दर्शकाने, मकरंदने, आधीच सॉरी म्हणून टाकलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "समोरच्या ब्लॉकमध्ये राहते. मला नुसतं बसू द्या."

मग कळलं, वडील डच, आई जावाची, आणि त्या स्वतः जुन्या विनोदी नटी. नवरा गेल्यापासून एकट्याच. मराठीचा एक शब्द कळत नसताना तालीम संपेपर्यंत बसल्या आणि जाताना मकरंदला म्हणाल्या, "ते जाड गृहस्थ हशा ओसरायच्या आधीच पुढचं वाक्य बोलतात. त्यांना थांबायला शिकव."

ते जाड गृहस्थ म्हणजे माझा नवरा!

*

चहाच्या वेळी आम्ही विचारलं, कसल्या भूमिका केल्या? हॉलंडमध्ये टीव्हीवर कायम इंडोनेशियन मोलकरीण, म्हणाल्या. कंटाळून जकार्ताला गेल्या, तर तिथे कायम गोरी मडम.

"आणि तुमच्यासारख्या बाईची भूमिका?" मी विचारलं.

"ती कुणी लिहिलीच नाही," आंटी म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं.

*

आंटींचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. खालून वर पोचेपर्यंत लिफ्टमध्ये एक छोटा विनोद बरोबर मावतो, असं त्या सांगायच्या. पण लिफ्टमधले सगळे मोबाइलमध्ये.

एकदा माझी लेक त्यांची पिशवी घेऊन सोबत गेली. आंटींनी विनोद सांगितला, ती खो खो हसली. अकरावा मजला आला तरी आंटी उतरल्या नाहीत. दुसरा सांगितला, तिसरा सांगितला, दोघी वर जाऊन पुन्हा खाली आल्या.

घरी येऊन लेक म्हणाली, "आई, शी इज सो फनी लाह. बट शी डोन्ट वॉन्ट टू गो होम."

*

शेवटी आम्ही त्यांना नाटकात पाहुण्या आजींचं काम दिलं. वाक्य एकच: "मला कुणी चहा विचारला का?" ते त्यांनी इतकं घोकलं की एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारी बसणाऱ्यांनाही ऐकवलं.

प्रयोगात वाक्याला दणदणीत हशा आला. आंटी तो ओसरेपर्यंत थांबल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, हळूच. ते नाटकात नव्हतं. या वेळी कुणी हसलं नाही.

मध्यंतरात प्रेक्षकांतल्या चार-पाच काकू चहाचे कप घेऊन विंगेत आल्या.

*

प्रयोगानंतर आंटींनी मला आणि मकरंदला घरी बोलावलं. प्रेक्षकांसमोर चित्रित झालेल्या त्यांच्या जुन्या कार्यक्रमाची डीव्हीडी लावायची होती. आम्ही सोफ्यावर बसलो. आंटी मात्र टीव्हीकडे पाठ करून खिडकीशी बसल्या.

पडद्यावर तरुण नेली हातातला ट्रे सावरत घसरत होती. मकरंद म्हणाला, आंटी, इकडे बघा ना, काय काम केलंय तुम्ही. त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं.

"थांब. आता हेन्क हसेल." हेन्क म्हणजे त्यांचा नवरा.

ट्रे पडला. क्षणभर शांतता, आणि मग प्रेक्षकांतून एकाच माणसाचं मोठं, घोगरं हसू ऐकू आलं. त्याच्यामागून बाकीचे हसले.

आंटींनी डोळे मिटले होते.

"थोडं मागे घे," त्या म्हणाल्या.

मकरंदने मागे घेतलं.