तिकीट कशाला, मी आहे ना

घरात नाही, ऑफिसात नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. हे मी आजवर कुठेच बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांना सांगायची माझी छाती नाही.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. वडील इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले, राजाजीनगरला घर झालं, मी इथलाच झालो. संस्थेत शास्त्रज्ञ पुष्कळ, पण त्या सगळ्यांचा डेटा ज्या यंत्रांवर असतो ती माझ्या ताब्यात. मोठमोठे प्राध्यापक ‘जरा जागा वाढवून द्या ना’ म्हणत माझ्या दारात उभे राहतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू? म्हणजे — आता कशाला बोलू?

आमच्याकडे एक नियम आहे. कुणाला काहीही हवं असलं तरी विनंती संगणकावर नोंदवायची. तिला आम्ही तिकीट म्हणतो. तिकीट नाही तर काम नाही, अशी पाटी दारावर मीच लावली आहे. आणि तो नियम सगळ्यांत जास्त मोडला कुणी? मीच. कँटीनमध्ये मराठी कानावर पडलं की मी विरघळायचो. आपल्या माणसाला कसलं तिकीट, म्हणायचो. या ‘आपला माणूस’ शब्दाची मला आज चीड येते. कारण त्यात प्रेम थोडं होतं, मिरवणं जास्त.

मुग्धा अशीच आपली. सांगलीची, पीएचडी करायला आलेली. मला दादा म्हणायची. गणपतीत घरी जेवायला आली तेव्हा आईनं तिला डबा भरून दिला होता. हेब्बाळच्या पुढे एका तळ्यावर तिचं काम चाले. काठच्या झाडांना रेकॉर्डर बांधून ती बेडकांचे आणि पक्ष्यांचे आवाज गोळा करायची. एकदा तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला. स्टीलच्या डब्यावर कुणी नखानं टकटक करावी तसा आवाज. ‘दादा, हा एवढासा बेडूक आहे,’ म्हणाली, आणि बोटाचं पेर दाखवलं.

पुढे गाळ काढायला ते तळं उपसलं. काठ सिमेंटचा झाला, फिरायला रस्ता झाला, दिवे लागले. आधीचं तळं आता फक्त मुग्धाच्या फायलींत उरलं होतं. आधी तिथे कोण कोण बोलत होतं आणि नंतर कोण उरलं, हाच तिचा प्रबंध. आधीचे आवाज गेले तर प्रबंधच गेला.

त्या फायली अवाढव्य होत्या, म्हणून तिनं त्या ‘स्क्रॅच’वर ठेवल्या होत्या. स्क्रॅच म्हणजे सगळ्यांची तात्पुरती जागा. काही आठवडे कुणी हात लावला नाही की तिथली फाईल आपोआप पुसली जाते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. रेकॉर्डरची कार्डं पुसून पुन्हा वापरावी लागत, आणि मोठ्या डिस्कचं तिच्या सरांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ केलं होतं. मग तिच्या बाबांना ऑपरेशन सांगितलं. सगळं टाकून तिला सांगलीला जावं लागणार होतं, किती दिवस ते ठाऊक नव्हतं. जाण्याआधी ती कँटीनमध्ये माझ्याकडे आली. माझं फोल्डर सफाईतून वगळाल का, म्हणाली. मी हो म्हटलं.

आणि विसरलो.

एक ओळ टाकायची होती हो. एक ओळ! चहा पिऊन वर गेलो असतो तरी झालं असतं. पण थांबा, विसरलो हे मी कबूल करत नाहीये. विसरणं कुणाच्याही हातून होतं, त्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

ती परत आली तेव्हा फोल्डर रिकामं होतं. इशाऱ्याच्या मेल गेल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर बसून कोण बघतं मेल? चौकशीला समिती बसली. तिचे सर होते, मी होतो, ती होती. अध्यक्षांनी मला विचारलं, हिनं विनंती केली होती का? मी सगळ्यांसमोर तिकिटांचा पडदा उघडला, तिचं नाव टाकून शोधलं आणि म्हणालो, ‘नाही.’ किती खरं बोललो बघा.

‘मी तोंडी सांगितलं होतं,’ मुग्धा म्हणाली. ‘दादाच म्हणाले, तिकीट नको.’

सगळे माझ्याकडे वळले. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, ‘मला असं काही आठवत नाही.’

‘सरी, सरी,’ अध्यक्ष कानडीत ‘ठीक, ठीक’ म्हणाले. ‘नो टिकेट, नो रिक्वेस्ट.’ तिच्या सरांनी सुटल्यासारखी मान हलवली. मला त्या सरांचा राग येतो, डिस्क न देऊन वर मान हलवणाऱ्या माणसाचा. अध्यक्षांचा येतो. एकानं तरी मला पुन्हा विचारायचं होतं, नीट आठवून सांगा म्हणायचं होतं! मुग्धाचासुद्धा येतो, ती ओरडली का नाही म्हणून. आणि हा राग कसला सोयीचा असतो. दुसऱ्यावर काढला की आपण नामानिराळे. नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो का? नोकरी जाणार नव्हती. फार तर एक मेमो मिळाला असता. शिस्तीचा माणूस हे माझं नाव गेलं असतं, एवढंच. त्या नावासाठी मी त्या मुलीचं तळं दुसऱ्यांदा पुसलं.

तिची फेलोशिप संपली, ती गेली. सांगलीत कुठल्याशा क्लासात शिकवते असं कानावर आलं.

इथे थांबलो असतो तरी माणूस म्हणवून घेतलं असतं. पण दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि डेटा कसा सांभाळायचा यावर मी त्यांना भाषण देतो. त्यात मी मुग्धाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. ‘एक विद्यार्थिनी होती, तिनं सगळं स्क्रॅचवर ठेवलं आणि खुशाल गावी गेली.’ पोरं हसतात. मी हसू ओसरेपर्यंत थांबतो, मग पुढची स्लाईड.

यंदा पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, जाण्याआधी तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं?’

‘नाही,’ मी म्हणालो. समिती नव्हती, मेमो नव्हता, कुणाची भीती नव्हती. तरी म्हणालो. त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. पुढची स्लाईड लावली.

घरी आलो तर आईनं चहा ठेवताना तिचाच विषय काढला. ‘ती मुग्धा बघ, एवढी घरी यायची, गेली ती गेलीच. एक फोन नाही. माणसं विसरतात रे.’

‘हो,’ मी म्हणालो, ‘विसरतात.’

मी काहीच विसरलेलो नाही. कँटीनचं खिडकीजवळचं टेबल होतं. तिच्यासमोर लॅपटॉप उघडा होता आणि तिकीट लिहून तयार होतं. नाव, फोल्डर, कारण, सगळं. फक्त पाठवायचं बाकी होतं. मी हात पुढे केला आणि माझ्या हातानं तो लॅपटॉप मिटला. ‘तिकीट कशाला,’ मी म्हणालो, ‘मी आहे ना.’ चिमटू नयेत म्हणून तिनं बोटं पटकन काढून घेतली, आणि हसली.