काल रात्री काय जेवलात?

समोरच्याला शब्द सुचत नसताना स्वस्थ बसू शकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याकडेच मी नोकरीला होते. आपल्याकडे कुणी बोलता बोलता जरा अडखळला की शेजारचे तिघे त्याचं वाक्य पुरं करून टाकतात आणि वर 'हेच म्हणायचं होतं ना?' असं विचारून त्याच्याकडून कबुलीही घेतात. आमच्या सरांना हा दिवसाढवळ्या घातलेला दरोडा वाटायचा. सर भाषाविज्ञानाचे प्राध्यापक. गिरणगावातल्या चाळी पाडायला निघाल्या तेव्हा, माणसं विरार-डोंबिवलीला पांगण्याआधी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, हे काम त्यांनी अंगावर घेतलं, आणि मी त्यांची संशोधन सहायक झाले. सहायकाने रेकॉर्डर उचलायचा, नंतर ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायचा आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवायचं. "बोलणाऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. घातलास की तो तुझी भाषा बोलायला लागतो, आणि तुझी भाषा मला नकोय," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझी भाषा इतक्या रोखठोकपणे त्याआधी कुणी नाकारली नव्हती.

हा नियम कामापुरता असता तर मी काही म्हटलं नसतं. पण सर तो भाजीवाल्यापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांना लावत. माझ्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, नाव घेताना माझा नवरा दुसऱ्या ओळीवर अडला. करवल्या सरसावल्या, मावशीने तर यमकही जुळवून ठेवलं होतं, एवढ्यात मागच्या खुर्च्यांतून सरांचा वर्गातला आवाज आला, "कुणी सांगायचं नाही! त्याला आठवू दे." करवल्या मागे सरल्या. नवऱ्याच्या मुंडावळ्या घामाने कपाळाला चिकटल्या, आचारी दारात येऊन बघून गेला, आणि सर मान किंचित पुढे काढून अगदी मायेने त्याच्याकडे बघत राहिले. त्याला शेवटपर्यंत आठवलं नाहीच. नुसतं माझं नाव घेऊन तो खाली बसला. "बघ, सगळ्यात खरं तेवढंच निघालं," सर पंगतीत मला म्हणाले. नवऱ्याने त्यांना पुढे बरीच वर्षं माफ केलं नव्हतं.

दुसरं वेड शांततेचं. कुणाच्याही खोलीत शिरले की सर आधी पंखा बंद करत, मग फ्रिज. मे महिना असला तरी सुटका नव्हती. "फ्रिज गुणगुणतो. आपल्याला कळत नाही, रेकॉर्डरला कळतं." एकदा लालबागला एका मावशींकडे काम झाल्यावर आम्ही फ्रिज सुरू करायला विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुरमईचा वास जिना उतरून खाली वाण्यापर्यंत पोचला. तेव्हापासून सरांनी युक्ती काढली. फ्रिज बंद केला की स्वतःच्या घराची किल्ली त्याच्या आत ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिजची आठवण होणारच. युक्ती बिनतोड होती, फक्त किल्लीला कायम कोळंबीचा वास येई. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मूळच्या मालवणकडच्या. त्या म्हणत, "ह्येंची चावी हातात घेतली काय मांजरां पाठसून येतत."

एवढं सगळं सामसूम झालं की सर पहिला प्रश्न विचारत, "काल रात्री काय जेवलात?" नाव-गाव विचारलं की माणूस ताठ होतो, जेवणाचं विचारलं की सैल होतो आणि तक्रार करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात पाहुणे आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी हेच विचारलं आणि त्यांच्या पथ्याची कर्मकहाणी कपातला चहा निवेपर्यंत ऐकली. मध्ये कुणी कितीही वेळ गप्प राहिलं तरी ती जागा मुद्रणातून कापायला बंदी होती. माझ्याआधीच्या सहायकाने ऐकायला सोयीचं म्हणून सगळे रिकामे भाग छाटून टाकले होते. तो माझ्याआधीचा का झाला, हे त्यावरून मला कळलं.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. परळच्या इस्पितळात एका तरुण स्पीच थेरपिस्टने त्यांना कंगव्याचं चित्र दाखवलं आणि "काका, हे काय?" असं विचारलं. सरांनी ओठ जुळवले, आणि जे बाहेर आलं तो कुठल्याच भाषेतला शब्द नव्हता. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांना ऐकू आलं होतं. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आजही नकोसा होतो. बाहेर आल्यावर ती मुलगी काकूंना आणि मला म्हणाली, "ते स्वतः प्रयत्न करत राहिले तर थोडं परत येईल. त्यांनी सोडून दिलं, तर जे उरलंय तेही जाईल."

घोडपदेवच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत मग माणसांची रीघ लागली. सगळी चांगली माणसं, आणि सगळी मदतीला आलेली. सरांनी कसाबसा 'प' उच्चारला की कॉटभोवती लिलाव सुरू होई. काकू सगळ्यांच्या पुढे. "पाणी व्हया? पंखो लावू? पेपर देव?" सर डोळे मिटून कशालाही मान हलवत. पाणी आलं तर पीत, पंखा लागला तर वारा घेत. त्यांना काय हवं होतं ते कुणालाच कळलं नाही. पुढे पुढे त्यांनी 'प' म्हणणंही सोडलं. नजर भिंतीकडे लावून दिवसभर पडून राहत. चाळ म्हणायची, सर आता शांत झालेत. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

एका दुपारी मी रेकॉर्डर घेऊन गेले. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला आणि माझ्या घराची किल्ली आत ठेवली. काकूंना म्हटलं, "आज तुम्ही काही बोलायचं नाही."

"त्येंका काय व्हया असला तर?"

"ते मागतील."

"आणि नाय जमला मागूक?"

मी रेकॉर्डर सरांच्या उशाशी ठेवला. काकू ओट्याखाली भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला तशी सरांनी भिंतीवरची नजर काढली आणि डाव्या हाताने सदऱ्याची गुंडी चाचपली. मी विचारलं, "सर, काल रात्री काय जेवलात?"

त्यांचे ओठ हलले. "आ…" एवढं आलं आणि थांबलं. माझ्या जिभेवर 'आमटी' तयार होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगून टाक ना, असं ते डोळे अक्षरशः विनवत होते. मी गप्प बसले. सरांच्या कपाळावरची शीर फुगली, डावी मूठ गादीवर आपटायला लागली, हनुवटीवर लाळ ओघळली. काकू अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. सरांच्या शिस्तीचा मला त्या वेळी मनापासून तिटकारा आला. हे असलं शिकवणारा माणूस मला भेटलाच नसता तर बरं, असं वाटलं.

"अळणी," सर म्हणाले.

स्वच्छ. त्यात किळससुद्धा होती. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं.

"तोंड उघडल्यानी, ता पण माझ्या जेवणाक नावां ठेवूक!" काकू ओट्याजवळून ओरडल्या आणि हुंदके देत पुढे आल्या. सर अर्ध्या चेहऱ्याने हसले. मी 'आमटी' म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवली असती, आणि त्यांच्या आयुष्यात आमटीच खरी ठरली असती.

त्यानंतर आणखी थोडे शब्द आले. 'मीठ' आला, 'उशी' आला, कंटाळा आला की मला उद्देशून 'जा' आला. मग दुसरा झटका आला आणि सर गेले.

दिवस झाल्यावर काकूंनी ते मुद्रण मोबाईलवर मागितलं. मी विचारलं, "तेवढा शब्द कापून देऊ का? आधी बराच वेळ काहीच नाही."

"नको गो. त्येंका नसता चलला."

मी होतं तसं सगळं दिलं. परवा गेले तर पंखा बंद, आणि काकू घामाघूम होऊन मोबाईल कानाशी धरून बसलेल्या. मी म्हटलं, "पुन्हा 'अळणी'?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तो शब्द ऐकणंय नाय मी. तो इलो काय बंद करतंय." आणि त्यांनी मोबाईल माझ्या कानाला लावला. शब्दाच्या आधीच्या त्या रिकाम्या जागेत सर श्वास घेत होते. थांबून, जोर लावून, पुन्हा घेत होते. फ्रिज बंद असल्यामुळे अगदी जवळून ऐकू येत होतं.

मला काकूंना काहीतरी सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, पण शब्द सुचेना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाशी धरला, आणि त्या माझ्यासाठी थांबून राहिल्या.