बीजगणिताच्या मॅडमचा माईक

मी बोलका माणूस. स्वतःच्या फजितीच्या गोष्टी मी स्वतःच वाटत फिरतो. एका लग्नात मी चुकीच्या मांडवात पोटभर जेवून, वर नवरदेवाच्या गळ्यात पडून आलो होतो, हे अर्ध्या बाभुळगावला माझ्याच तोंडून कळलेलं आहे. लोक हसतात. आणि ज्याच्यावर आपण हसतो, त्याने काही दडवलं असेल असा संशय आपल्याला येत नाही. ही एक गोष्ट मात्र माझ्या तोंडातून कधी निघालेली नाही. मित्रांना नाही, वडिलांना नाही, आईला तर नाहीच — फोन तिचा वापरला होता तरी. तुम्हालाही मी ती सरळ सांगेन याची मला खात्री नाही. बघू.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. मी गणित कशासाठी घेतलं? प्राणिशास्त्र घेतलं तर बेडूक कापावा लागतो, अशी माझी समजूत होती म्हणून. वडील तहसीलमध्ये बाबू. त्यांनी ऑफिसात जाहीर करून टाकलं की पोरगा गणिताकडे चालला. आता माघार कोणत्या तोंडाने घेणार? यवतमाळच्या कॉलेजात ॲडमिशन झाली, आणि कॉलेजच बंद. लॉकडाउन. सगळे तास मोबाईलवर. आमच्या घरी चांगलं इंटरनेट होतं, एवढ्या एका गुणावर मला वर्गाचा सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, केलं गेलं. आणि वेळापत्रकात पहिलाच विषय — बीजगणित.

शिकवायला शबाना मॅडम. तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढं मानधन, आणि दर वर्षी नव्याने नेमणूक — मिळाली तर. यवतमाळला त्यांच्या वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान, आणि दुकानावरच घर. कॉलेज बंद म्हणजे फळाही बंद. तर वडिलांनी पत्र्याची एक अख्खी शीट ठोकून सपाट केली, तिला काळा रंग मारला आणि भिंतीला लावून दिली. मॅडम मोबाईल समोरच्या स्टुलावर उभा करायच्या आणि त्या पत्र्यावर खडूने लिहायच्या. काय अक्षर होतं! मॅट्रिक्सचे रकाने असे सरळ, की ओळंबा लावून घ्यावेत.

आणि शिकवणं? मॅट्रिक्सची रँक म्हणजे काय, हे पुस्तकात मी खूप वेळा वाचलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला झोप लागली होती. मॅडम म्हणाल्या, "घरात दहा जण बोलून राह्यले. पण वेगळं म्हणणं किती जणांचं आहे? बाकीचे त्याचंच दुप्पट-तिप्पट करून सांगतात. त्यांना काढून टाका बेटा. उरले किती? तेवढी रँक." मी आमच्या घरातले सगळे काका मोजले. रँक एक आली.

अशी बाई. आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय होती? अडचण बाईंची नव्हती. अडचण माझी होती.

एक दिवस खाली दुकानात जोरात ठोकाठोक चालली होती. ठण — ठण — ठण. कुणाच्या तरी ऑटोचा मडगार्ड सरळ होत असावा. मॅडम दोनदा "सॉरी हं, खाली अब्बूंचं काम चालू आहे" म्हणाल्या आणि पत्र्याकडे वळल्या. तेव्हा मला दिसलं की त्या ॲपमध्ये कुणालाही कुणाचाही माईक बंद करता येतो. चालू करता येत नाही, तो ज्याचा त्यानेच करायचा. मी हळूच बंद केला. ठोकाठोक थांबली. वर्गाच्या ग्रुपवर पोरांनी मला दुवा दिल्या. मॅडमची पाठ आमच्याकडे, त्यांना पत्ता नाही. त्या शिकवत राहिल्या.

तो पहिला दिवस मी तुम्हाला फुकट देतो, त्यात फारसं पाप नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ठोकाठोक नव्हती. मग मी माईक काहून बंद केला?

पोरं हसली होती म्हणून. बस, एवढंच कारण आहे. मोठं कारण असतं तर मला सांगायलाही बरं वाटलं असतं.

मी माझ्या फोनसोबत दुसऱ्या फोनवरूनही, आईच्या, वर्गात शिरायला लागलो. यादीत तिचं नाव यायचं — सुनंदा. माईक कुणी बंद केला, ते नाव ॲप क्षणभर दाखवायचं. न जाणो, मॅडमनी वळून पाहिलंच, तर पडद्यावर माझं नाव दिसायला नको! मग प्रमेय रंगात आलं की सुनंदाबाई बटण दाबायच्या. ग्रुपवर कुणीतरी लिहायचं, "आज पुन्हा मूकपट लावला का बे?" आणि मॅडमचे ओठ हलत राहायचे, हात हलत राहायचे, खडू पत्र्यावर चालत राहायचा. मग त्या फोनजवळ यायच्या, माईकवर लाल रेघ बघून दचकायच्या, स्वतःच्याच कपाळावर हात मारायच्या. माईक चालू करून विचारायच्या, "माझाच हात लागला वाटते. कुठपर्यंत ऐकलं रे?" आणि सी.आर. म्हणून मी उत्तर द्यायचो, "सगळं ऐकलं मॅडम, आत्ताच गेला होता." मग त्या समाधानाने पुढे जायच्या.

सुनंदाचं नाव रजिस्टरमध्ये नव्हतं. मॅडमना वाटलं, कुणी लाजरी मुलगी असेल, ॲडमिशनचं अडलं असेल. एकदा त्या म्हणाल्या, "सुनंदा बेटा, रजिस्टरला नाव नसलं तरी बस हं. कोणी काही म्हणणार नाही." त्या वेळी सुनंदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, आणि तिचा मुलगा उशीत तोंड खुपसून हसत होता.

फुलसावंगीची वैष्णवी ग्रुपवर नव्हती. तिला वर्गापुरतं नेटवर्क मिळवायला पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून बसावं लागायचं. तिने मला मेसेज केला, "मले आवाजच येऊन नाही राह्यला. मॅडमले सांग ना." मी लिहिलं, "तुह्या फोनचा स्पीकर गेला असन." तिने बिचारीने तो खोलून घेतला. दुरुस्तीवाल्याने आत फुंकर मारून परत लावून दिला.

हसू येतं ना? मलाही यायचं.

आणि मग तो तास. ऋण एकचं वर्गमूळ. असली संख्या असूच शकत नाही, असं शाळेत घोकून घेतलेलं, आणि इथे म्हणे तिला नाव आहे — आय. मॅडमनी पत्र्यावर आडवी रेघ काढली, आणि त्याच वेळी मी माईक बंद केला. त्यामुळे पुढचं जे झालं ते आवाजाशिवाय झालं. मॅडम खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. उजवा हात खिडकीकडे ताणला आणि खिडकीखाली खडूने लिहिलं, एक. मग दाराकडे बोट दाखवून लिहिलं, उणे एक. खिडकीकडून दाराकडे कसं जायचं? त्या पुन्हा मधोमध आल्या, हात खिडकीकडे ताणला आणि जागच्या जागी पाव गिरकी घेतली. आता हात थेट आमच्याकडे. पुन्हा पाव गिरकी. हात दाराकडे. दोन गिरक्या — उणे एक. मग एक गिरकी म्हणजे काय?

मी अंथरुणात ताठ उठून बसलो. मला कळलं! आयुष्यात पहिल्यांदा गणितातली एखादी गोष्ट मला पाठ न होता कळली. रेघेवर उभं राहून शोधलं तर ती संख्या सापडतच नाही, रेघ सोडून वळावं लागतं. एक शब्दही ऐकू न येता त्या बाईने मला हे शिकवलं. पुन्हा पुन्हा गिरकी घेऊन दाखवत होत्या, कोणाला समजलं नसेल तर म्हणून. ओढणी सावरत, दम लागलेला, चेहऱ्यावर असा आनंद की हे आत्ताच त्यांना पहिल्यांदा सापडलं असावं.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "मॅडम नाचून राह्यल्या!" मला सगळं कळलेलं होतं. आणि मी काय केलं? हसण्याचे चार चेहरे टाकले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरेच दिवस हाच वाटत होता — म्हणजे वाटून घ्यायला सोयीचा होता. पण पोरकटपणाला लोक माफ करतात. मी जे सांगायला बसलोय ते अजून पुढे आहे.

कॉलेज उघडलं. वैष्णवी फुलसावंगीहून आली आणि तिने प्रामाणिकपणे अर्ज दिला की वर्षभर बीजगणिताचा आवाज धड आला नाही, एकदा परत शिकवावं. तिला परत शिकायचं होतं, एवढंच. पण अर्ज गेला प्राचार्यांकडे, आणि ते नेमके पुढच्या वर्षीच्या नेमणुका ठरवायला बसलेले. त्यांनी सी.आर.ला बोलावलं. बाहेरच्या बाकावर मॅडम बसलेल्या होत्या. मी जाताना हसल्या.

"काय रे, हे आवाजाचं काय प्रकरण आहे?" सरांनी विचारलं. "नेटवर्क, की मॅडम?"

आता बघा. खरं तर सांगायचं नव्हतंच मला, तेवढी छाती नव्हती. पण खोटं बोलायचं, तर नेटवर्कवर ढकलता आलं असतं. नेटवर्कची नोकरी जात नाही. त्या वर्षी सगळा देश नेटवर्कवर ढकलत होता! पण माझं डोकं तेव्हा भलतंच चाललं. रसायनशास्त्राच्या सरांचा आवाज त्याच नेटवर्कवर खणखणीत यायचा. सर तिथून चौकशी करत निघाले असते, तर सुनंदापर्यंत पोचले असते. म्हणून मी मान खाली घालून म्हणालो —

"मॅडमचंच सर. शिकवता शिकवता माईक बंद व्हायचा. त्यांना कळायचंच नाही."

"इतके दिवस?"

"हो सर."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी बाहेर आलो. मॅडमनी विचारलं, "काय विचारून राह्यले सर?" मी म्हणालो, "काही नाही मॅडम, परीक्षेचं." त्या म्हणाल्या, "चांगला अभ्यास कर. तुला गणित येते. तू ऐकतोस."

पुढच्या वर्षी बीजगणिताला दुसरे सर आले. मॅडमनी प्राध्यापकाची पात्रता परीक्षा केव्हाच पास केलेली होती; पक्क्या जागेसाठी लागतो तो सलग अनुभव चालू होता. तो तुटला. तुटला की काय होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकतो. पण माहीत असतं तर मी वेगळं बोललो असतो का?

मी गणितातच एम.एस्सी. केली. गंमत म्हणून सांगत नाही — त्या पाव गिरकीनंतर दुसरं काही करावंसं वाटलंच नाही. आता वणीला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. आय शिकवताना मीही वर्गाच्या मधोमध उभा राहून गिरकी घेतो. पोरं टाळ्या वाजवतात. एकाने विचारलं, "सर, हे कुठून आणलं?" मी म्हणालो, "सुचलं."

यंदाच्या जूनमध्ये आमच्याकडे नव्या शिक्षिका आल्या. शबाना मॅडम. कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात सकाळी यवतमाळहून येतात, आठवी-नववीच्या पोरांना बीजगणित शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखलं, आणि सगळ्यांसमोर माझा खांदा थोपटला. "हा माझा सी.आर.! तो लॉकडाउनचा वर्ग ह्याच्या भरवशावर चालला." मग विचारलं, "अन् ती सुनंदा? तिचं पुढे काय झालं रे? एक दिवस चुकली नाही ती पोरगी." मी म्हणालो, "लग्न झालं मॅडम तिचं." तेवढं मात्र खरं होतं.

मी दाराआडून त्यांचा तास ऐकतो. नववीतल्या पोराने समीकरणात चूक केली, तर त्या ती पुसत नाहीत. तिच्या शेजारी उभ्या राहतात, आणि पोरगं स्वतः येऊन पुसेपर्यंत वाट बघतात. त्यांना घाई नाही. कडवटपणा तर मी अजून शोधतोय, सापडत नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर रोज कुणाला तरी शिव्या दिल्या असत्या. माझं शिकवणं त्यांच्या शिकवण्याची फोटोकॉपी आहे, आणि तीही शाई संपत आलेल्या मशीनवर काढलेली.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो. कुणीतरी लॉकडाउनच्या गमती काढल्या. मॅडम म्हणाल्या, "माझी ऐका. मला मोबाईल वापरताच येत नव्हता. शिकवता शिकवता कुठं बोट लागायचं कोण जाणे, माईक बंद! मी आपली बोलून राह्यली, बोलून राह्यली, अन् पोरं बिचारी चुपचाप बघून राह्यली. एकदा तर त्यांच्यासमोर गोल गोल फिरली मी, मुक्यानेच! कॉलेजवाल्यांनी काढलं तर काय चुकलं त्यांचं?" त्यांनी बसल्या जागी हात फिरवून नक्कल करून दाखवली. चांगली गोष्ट सांगतात मॅडम. सगळे हसून लोटपोट झाले. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला विचारा, हा होता तिथं. खरं आहे की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "खरं आहे." आणि हसलो.