बंद मशीनचा काटा

भूतखेत, शकुन-अपशकुन यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. 'मॅडम, आपोआप झालं' असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

आमचं गाव महाराष्ट्राच्या सीमेकडचं. बाबांना आमच्या विहिरीच्या पाण्याचा भारी गर्व — त्यात तुरीची डाळ पटकन शिजते म्हणून अर्धं गाव तेच नेतं. "तुह्या मशिनीत पाह्य एकदा," म्हणत त्यांनी बाटलीच भरून दिली. त्या सकाळी प्रॅक्टिकलला मी तेच पाणी घेतलं.

मशीन साधं आहे. पाण्याच्या भांड्यात तळाला क्रिस्टल. तो कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी सोडतो. वरच्या चकतीवर आपटून त्या परततात, एकमेकींत मिसळतात. स्क्रू फिरवून चकती सरकवली की मीटरचा काटा चढतो, उतरतो. त्यावरून लहरींचा वेग काढायचा. थोडक्यात, तळ आणि चकती यांतलं अंतर बदललं तरच काटा हलतो.

काटा हलू लागला. स्क्रूला कुणाचाच हात नव्हता. मी मुलींना झापलं, तर त्यातली एक घाबरून तेलुगूतच म्हणाली, "मॅडम, करेंट लेदु."

वर पाहिलं. पंखे बंद... लाइट गेली होती. तरी काटा चढत होता, उतरत होता — भांड्याचा तळच खाली खाली चालल्यासारखा.

तळ... विहीर... बाबा आज मोटारीचा पाइप काढायला आत उतरणार होते! काय सुचलं कोण जाणे, मी फोन लावला. उतरताना बाबा चपला काठावर काढतात आणि फोन चपलेत ठेवतात. मी लावतच राहिले. शेवटी ते वैतागून वर आले.

"काऊन वं? अर्ध्यातून आलो मी."

"बाबा, तुमी आधी तिथून दूर व्हा."

मला बोलत बोलतच ते बांधाकडे निघाले, आणि फोनमध्ये धडाड्कन आवाज झाला. मग काहीच नाही. मी वेड्यासारखी हाका मारत होते.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हीर खचली, बाई. माह्या चपला गेल्या."

मशीनमध्ये साठलेली वीज असेल, असं सहकारी म्हणतात. पण त्यानं काटा हळूहळू उतरेल... पुन्हा चढेल कसा? बाटलीतलं उरलेलं पाणी मी नंतर स्वतः तपासलं. वेग इतर कुठल्याही पाण्यासारखाच.

बाबा अजून विचारतात, "पाण्यात काय दिसलं होतं तुले?"

वेग बरोबर आला, असं सांगते. मला तेवढंच माहीत आहे.